गोलकी मठाची भूमी

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला महाराजपूर नावाची वस्ती आहे. तेथून पुढे जाणारी मोठी सडक पनागर, सिहोरा ही गावे घेत कटनीकडे आणि कटनीवरून रीव्याकडे जाते. या बाजूच्या काळ्या, चिकट आणि सपाट जमिनीला त्या प्रांतात ‘हवेली’ असे नाव आहे. पावसाळा लागला की शेतांच्या उंच बांधांआड पाणी कोंडून धरावयाचे, तीन-चार महिने जमीन त्या पाण्याखाली मुरू द्यावयाची, आणि आश्विन सरता सरता पाणी सोडून देऊन त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा, अशी येथील शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भाताचे पीक वाढल्यापासून ती मागे पडत चालली आहे. तथापि श्रावणात या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला शेत कोणते आणि तळे कोणते हे काही ठिकाणी चटकन उमगत नाही.

हजार वर्षांपूर्वी या भूमीला डाहल किंवा चेदी म्हणत. तिच्यावर त्रिपुरीच्या कलचुरी राजांची सत्ता होती. या राजांनी शैव संन्याशांना गावेच्या गावे दान दिली, त्यांच्यासाठी मंदिरे व मठ उभारले आणि त्यांना गुरुस्थानी मानले. त्या मठांपैकी ज्याची कीर्ती सर्वांत दूरवर पोहोचली त्याचे नाव गोलकी मठ. कृष्णेच्या काठी, आंध्र देशात, या मठाची गुरुपरंपरा दगडावर कोरलेली आहे. परंतु डाहल देशात तो मठ नेमका कोठे होता याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. परमुलखात ज्याचे नाव गाजले तो मठ स्वतःच्या भूमीत असा अनोळखी का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर महाराजपुराहून दोन दिशांना जावे लागते. एक वाट नैऋत्येस तेवर आणि भेडाघाटाकडे जाते. दुसरी उत्तरेस बिल्हारी, गुर्गी आणि शोण नदीच्या काठच्या चंद्रेहे या गावाकडे.

त्रिपुरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. १९३९ साली काँग्रेसचे जे वादळी अधिवेशन सुभाषचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखाली भरले, ते या त्रिपुरीचे. परंतु अधिवेशनाला ज्या नगरीचे नाव मिळाले ती नगरी केव्हाच लयाला गेली होती. जबलपूरपासून सुमारे तेरा किलोमीटरांवर असलेले तेवर हे खेडे तेवढे तिचा वारसा सांगत होते. अकराव्या शतकात अल्बेरूनीने आपल्या ग्रंथात डाहलची राजधानी म्हणून या नगरीचा आणि तिचा राजा गांगेय याचा उल्लेख केला आहे. १९५२ मध्ये सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेवर येथे उत्खनन केले, तेव्हा कलचुरींच्याही कितीतरी आधीच्या वस्तीचे थर उजेडात आले. या राजवंशाचे कोरीव लेख एकत्र करून, त्यांचे वाचन व अर्थ निश्चित करून १९५५ साली ग्रंथरूपाने अभ्यासकांच्या हाती दिले ते नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी. जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. त्यामुळे कलचुरींच्या इतिहासाचे पुष्कळसे काम मराठी पंडितांच्या हातून झाले, यात नवल नाही.

ज्या संन्याशांना कलचुरींनी आपल्या राज्यात आणले ते मूळचे डाहलचे नव्हते. त्यांच्या संप्रदायाचे नाव मत्तमयूर. आजच्या मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात, शिवपुरी आणि अशोकनगर जिल्ह्यांत, रणोद, सुरवाया, कदवाहा या गावी त्यांचे जुने दगडी मठ अद्याप उभे आहेत. रणोदच्या शिलालेखातील वृत्तान्त असा : अवंतिवर्मा नावाच्या राजाला शैव दीक्षा घेण्याची इच्छा झाली. पुरंदर नावाचे एक तपस्वी रानात राहत होते, त्यांना त्याने मोठ्या आग्रहाने मत्तमयूर नगरात आणले. पुरंदरांनी राजाला दीक्षा दिली, तेथे एक मठ स्थापिला आणि मग रणोदला दुसरा. पुढे या मठांतून शिष्य निघाले आणि ते देशोदेशी पसरले. त्यांची एक शाखा थेट कोकणात येऊन पोहोचली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराज याच्या ताम्रपटात, शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मध्ये, अव्वेश्वर देवाच्या पूजेसाठी मत्तमयूर परंपरेतील आत्रेय या आचार्याला तीन गावे दिल्याची नोंद आहे. नर्मदेच्या काठी ज्यांची पूजा झाली त्यांचेच गुरुबंधू वाघोटनच्या खाडीकाठीही मान पावत होते.

डाहल देशात या संप्रदायाचे भाग्य उदयाला आले ते दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पहिल्या युवराजदेवाच्या कारकीर्दीत. हा राजा केयूरवर्ष या बिरुदाने ओळखला जातो. आपल्या घराण्याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ अकालजलदाचा वारसा सांगणारा कवी राजशेखर काही काळ त्याच्या दरबारी होता, आणि त्याचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक याच दरबाराशी निगडित आहे. युवराजाची राणी नोहला ही चौलुक्य कुळातील. तिने नोहलेश्वर नावाचे शिवमंदिर बांधले आणि त्याच्या खर्चासाठी सात गावे दिली; शिवाय ईश्वरशिव नावाच्या आचार्याला आणखी दोन. ही माहिती देणारा मोठा शिलालेख कटनीजवळच्या बिल्हारी या गावी सापडला. नोहलेचा मुलगा लक्ष्मणराज याने हृदयशिव नावाच्या आचार्याला सन्मानाने बोलावून घेतले आणि मठ त्याच्या स्वाधीन केले, असेही त्यात म्हटले आहे.

बिल्हारीच्या या लेखाचा एक भाग विशेष मनोरंजक आहे. गावच्या बाजारात येणाऱ्या मालावर देवाच्या नावाने जी पट्टी घ्यावयाची तिची यादी त्यात दिली आहे. मीठ, तेलाचे घाणे, सुपारी, मिरी, सुंठ, भाजीपाला, इतकेच काय, विक्रीला आलेले घोडे व हत्ती यांच्यावरही पट्टी आहे. मठातल्या पूजेचा दिवा जळत होता तो या बाजाराच्या जोरावर. संन्यासी विरक्त होते. परंतु मठ ही केवळ विरक्तांची झोपडी नव्हती. तिच्यामागे गावे होती, गावांमागे शेती होती, आणि शेती व बाजार यांना जोडणारे रस्ते होते. मठाचा इतिहास वाचताना भिंतींच्या आत जेवढे पाहावयाचे त्याहून अधिक भिंतींच्या बाहेर पाहावे लागते, ते याच कारणाने.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती चंद्रेहे येथे. रीव्याच्या पलीकडे, सिधी जिल्ह्यात, शोण आणि बनास या नद्यांच्या संगमाजवळ हे लहानसे गाव आहे. तेथे वर्तुळाकार तलविन्यासाचे एक सुबक शिवमंदिर असून त्याच्या शेजारीच दगडी बांधणीचा दुमजली मठ आहे. मठाच्या ओसरीच्या भिंतीत दोन शिळांवर कोरलेला लेख बसविलेला आहे. तो कलचुरी संवत् ७२४ मधील, म्हणजे इ. स. ९७२-७३ चा आहे. युवराजदेवाने ज्यांना डाहलमध्ये आणले त्या प्रभावशिवांचे शिष्य प्रशांतशिव. त्यांनी शोणेच्या काठी, भ्रमर नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी तपोवन केले. त्यांचे शिष्य प्रबोधशिव यांनी तेथे हा मठ बांधला, एक मोठे तळे खोदले आणि गुरूने पूर्वी केलेली विहीर नव्याने भक्कम दगडांनी बांधून काढली.

याच प्रबोधशिवांनी आणखी एक काम केले, आणि प्रशस्तिकाराने ते मोठ्या कौतुकाने नोंदले आहे. मोठमोठे पाषाण खणून, फोडून आणि ठोकून बसवून त्यांनी डोंगरातून, नद्या-ओढ्यांवरून आणि दाट रानातून एक वाट तयार करविली. संन्याशाने रस्ता बांधावा याचे आज आश्चर्य वाटेल. परंतु ज्याला एकांत हवा आहे आणि तरीही शिष्य, यात्रेकरू व धान्याच्या गाड्या ज्याच्या दारी यावयाच्या आहेत, त्याला रस्ता हवाच. एकांत आणि रहदारी यांचा मेळ घालणे ही मठाची पहिली अडचण होती. प्रबोधशिवांनी ती कुदळीने सोडविली.

लेखाच्या कवीने तपोवनाचे वर्णन करताना, तेथे हिंस्र आणि गरीब प्राणी आपले जन्मजात वैर विसरून एकत्र नांदतात, असा जुना काव्यसंकेत वापरला आहे. तो संकेत असला तरी त्या रानात आणि त्या नदीत श्वापदांची वस्ती दाट होती, हे त्यावरून कळतेच. शोण नदीचा हा भाग १९८१ पासून घडियाल मगरींचे अभयारण्य म्हणून राखला जात आहे. नदीच्या वाळूवर ऊन खात पडलेली घडियालांची पिल्ले आणि जवळच उभा असलेला दहाव्या शतकातील मठ, असा योग भारतात फार थोड्या ठिकाणी असेल. पुरातत्त्व खात्याने भिंती सांभाळाव्यात आणि वनखात्याने नदी सांभाळावी, अशी ही विभागणी आहे. परंतु प्रबोधशिवांना विचारले असते तर त्यांनी दोन्ही गोष्टी एकच मानल्या असत्या.

अशाच तऱ्हेचे एक स्थान युरोपच्या पश्चिम टोकाला आहे, आणि तुलनेसाठी त्याच्याकडे पाहणे उपयोगी पडेल. आयर्लंड देशाच्या मध्यभागी, शॅनन नदीच्या काठी, क्लॉनमॅक्नॉइझ या नावाचा ख्रिस्ती मठ होता. सहाव्या शतकाच्या मध्यास कीरन नावाच्या तरुण साधूने तो स्थापिला. त्याच्या सभोवती दलदल पसरलेली आहे. ही दलदल साधी नव्हे. मृत शेवाळ व गवत पाण्यात न कुजता थरावर थर साचत जाऊन जी तपकिरी, भुसभुशीत जमीन होते, तिची ही दलदल. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने ती वाढते, म्हणजे माणसाच्या एका आयुष्यात ती वीतभरही उंचावत नाही. या दलदलीतून वाळू-खड्यांची एक नैसर्गिक उंच पट्टी पूर्व-पश्चिम गेलेली आहे. त्या पट्टीवरून देशाचा हमरस्ता जाई आणि तो शॅननला मिळे. नेमक्या त्या जागेजवळ कीरनने आपला मठ उभारला. भोवती निर्जन दलदल, आणि दाराशी नदी व हमरस्ता : प्रबोधशिवांची जी अडचण होती तीच कीरनची होती, आणि त्याने ती जागेच्या निवडीने सोडविली.

साम्य येथेच संपत नाही. इ. स. ९०९ मध्ये फ्लॅन नावाच्या राजाने आणि कोलमान नावाच्या मठाधिपतीने मिळून क्लॉनमॅक्नॉइझ येथे मोठे दगडी प्रार्थनामंदिर बांधले. तेथील कोरीव काम केलेल्या उंच क्रूसावरील लेखात या दोघांचीही नावे आहेत. राजा आणि गुरू यांनी हातात हात घालून दगडात आपले नाव मागे ठेवावे, हे तेथे घडत होते तेव्हा इकडे युवराजदेव आणि प्रभावशिव यांचा काळ जवळ येऊन ठेपला होता. दोन्ही देशांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

आयर्लंडच्या त्या दलदलीने इतिहास राखून ठेवला, ही तिची अपूर्वाई. त्या भूमीत हवा शिरत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. मठाच्या उत्तरेस, लाँगफर्ड परगण्यात, कॉर्ली येथील दलदल खणताना इ. स. पू. १४८ मध्ये तोडलेल्या ओक झाडांच्या फळ्यांचा आख्खा रस्ता जसाच्या तसा सापडला. मठाजवळ शॅननच्या पात्रातही, गाळाखाली, इ. स. ८०४ च्या सुमारास बांधलेल्या ओकच्या पुलाचे खांब पाणबुड्या संशोधकांना मिळाले. १५५२ साली ॲथलोनच्या इंग्रज शिबंदीने मठ लुटून उजाड केला, तरी त्याच्या भोवतीची भूमी त्याच्याबद्दल बोलत राहिली. विसाव्या शतकात मात्र तीच भूमी इंधनासाठी यंत्रांनी खरवडली जाऊ लागली. मठापासून थोड्याच अंतरावरील शॅननब्रिज येथील वीजकेंद्रात ती जाळली जात असे. ते केंद्र २०२० मध्ये बंद झाले. मठालगतची मोंगन नावाची सुमारे १२० हेक्टरांची दलदल तेवढी निसर्ग-राखीव म्हणून शाबूत राहिली आहे. हजारो वर्षांत जे साचले होते त्याचा पुष्कळसा भाग दोन-तीन पिढ्यांत धूर होऊन गेला.

नर्मदेच्या भूमीत असा थर नाही. येथील काळी माती दर वर्षी फुगते, भेगाळते, नांगरली जाते. तिच्यात लाकूड टिकत नाही. येथे टिकला तो दगड. म्हणूनच महाराजपुराहून नैऋत्येस गेलेला प्रवासी तेवर मागे टाकून भेडाघाटाला पोहोचतो तेव्हा त्याच्यासमोर सर्वत्र दगडच असतो. धुवाँधार धबधब्याखाली नर्मदा संगमरवरी खडकांच्या अरुंद घळीत शिरते आणि सुमारे तीन किलोमीटर दोन उंच पांढऱ्या कड्यांमधून वाहत जाते. शेजारच्या लमेटा घाटाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या खडकांत प्रचंड सरीसृपांचे अवशेष आहेत. १८२८ मध्ये कर्नल स्लीमन यांना जबलपूरजवळ मिळालेली हाडे ही भारतात सापडलेली या जातीची पहिली. २०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाट या प्रदेशाचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, तो मुख्यतः या निसर्गासाठी.

घळीच्या वर, एका टेकडीच्या माथ्यावर, चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. मंदिर म्हणजे एक मोठे उघडे वर्तुळ. त्याच्या आतील भिंतीला लागून सलग ओवरी आहे आणि तिच्यात एक्याऐंशी कोनाडे आहेत. बहुतेक मूर्तींच्या बैठकीवर त्या त्या देवीचे नाव दहाव्या शतकाच्या अक्षरांत कोरलेले आहे. बऱ्याच मूर्तींची डोकी व हात तुटलेले आहेत. वर्तुळाच्या आत, थोड्या नंतरच्या काळचे, गौरीशंकराचे देऊळ आहे आणि तेथे आजही पूजा होते. प्रा. मिराशींच्या मते हे गोल वास्तुशिल्प हाच गोलकी मठाच्या नावाचा उगम. ‘गोल’ या शब्दावरून मठाला गोलकी म्हणू लागले. इतर काही संशोधकांनी या मानासाठी रीव्याजवळच्या गुर्गी या गावाचे नाव पुढे केले आहे. तेथेही युवराजदेवाने शिवाचे उत्तुंग मंदिर उभारले होते आणि प्रशांतशिवांनी त्याच्या शेजारी दुसरे बांधले होते. दोन्ही पक्षांजवळ मुद्दे आहेत.

मठाच्या जन्मकथेचा सर्वांत सविस्तर पुरावा मात्र या दोन्ही गावांत नाही. तो आंध्रात, गुंटूर भागात, मलकापुरम येथील स्तंभावर आहे. शके ११८३, म्हणजे इ. स. १२६१ मध्ये, काकतीय राणी रुद्रमदेवीच्या कारकीर्दीत कोरलेला तो लेख सांगतो की भागीरथी आणि नर्मदा यांच्या मध्ये डाहलमंडल आहे. तेथे सद्भावशंभू नावाच्या आचार्याला कलचुरी राजा युवराजदेव याने तीन लक्ष गावे अर्पण केली, आणि त्या आचार्याने गोलकी मठ स्थापिला. तीन लक्ष ही संख्या अक्षरशः घ्यावयाची नाही. डाहल देश परंपरेने नऊ लक्ष गावांचा मानला जाई. राज्याच्या एक-तृतीयांश उत्पन्नाचे दान, असा त्याचा अर्थ मिराशींनी लावला आहे. याच परंपरेतील विश्वेश्वरशंभू हे काकतीय राजा गणपतिदेव याचे दीक्षागुरू होते. मूळचे गौड देशाचे हे आचार्य आंध्रात येऊन स्थिरावले आणि गणपतिदेव व रुद्रमदेवी यांनी दिलेल्या मंदर आणि वेलंगपूंडी या गावांच्या उत्पन्नावर त्यांनी एक मोठी वसाहत उभी केली.

त्या वसाहतीची व्यवस्था वाचताना तेराव्या शतकाविषयीच्या कितीतरी कल्पना बदलून घ्याव्या लागतात. मंदिर आणि मठ यांच्याबरोबरच तेथे विद्यार्थ्यांच्या भोजनाची सोय, अन्नछत्र, आरोग्यशाळा आणि प्रसूतिशाळा यांच्यासाठी उत्पन्नाचे वाटे नेमून दिले होते. वेद शिकविणारे तीन अध्यापक. व्याकरण, तर्क, साहित्य, आगम इत्यादींचे पाच. एक वैद्य आणि हिशेब ठेवणारा एक कायस्थ, अशा नेमणुका लेखात मोजून दिल्या आहेत. अन्नछत्रात ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत जो कोणी येईल त्याला अन्न मिळावे, अशी स्पष्ट आज्ञा आहे. ती गावे आज मंदडम आणि वेलगपूडी या नावांनी ओळखली जातात, आणि २०१६ पासून आंध्र प्रदेशाचे सचिवालय वेलगपूडी येथे आहे. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून एके काळी प्रसूतिशाळा चालत होती, त्याच जमिनीवर आज राज्याचा कारभार चालतो.

यातील विलक्षण गोष्ट अशी की मलकापुरमचा लेख कोरला गेला तेव्हा डाहलचे कलचुरी राज्य उरलेच नव्हते. तेराव्या शतकाच्या आरंभीच चंदेल राजा त्रैलोक्यवर्मा याने त्या देशाचा मोठा भाग घेतला होता. मठाला गावे देणारा वंश बुडाला. ती गावे इतरांच्या हाती गेली. मठाचे शिष्य मात्र शेकडो कोस दूर, नव्या राजाच्या आश्रयाने, जुन्या दात्याचे नाव कृतज्ञतेने कोरीत होते. पुढे गढा-मंडल्याचे गोंड राजे आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८१७ मध्ये इंग्रज आले. त्यांतील कोणाचेही मत्तमयूर संन्याशांशी काही नाते नव्हते. गावकऱ्यांना योगिनी ठाऊक होत्या, कारण त्यांची पूजा चालू होती. मठ कोणाचा, हे सांगणारे कोणी राहिले नाही.

मग जे दगड बोलू शकत होते तेही एकेक करून गेले. बिल्हारीचा शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात गेला. गुर्गीचे भव्य कोरीव तोरण रीव्याच्या राजवाड्यापुढे नेऊन उभारले गेले. भेडाघाटचा प्रवास तर सर्वांत लांबचा. गयाकर्ण राजाची राणी अल्हणदेवी ही मेवाडच्या गुहिल कुळातली आणि माळव्याच्या उदयादित्य परमाराच्या मुलीची मुलगी. कलचुरी संवत् ९०७ मध्ये, म्हणजे इ. स. ११५५ मध्ये, मुलगा नरसिंह राज्यावर असताना, तिने येथे शिवमंदिर, मठ, व्याख्यानशाळा आणि बागा करविल्या, त्यांच्यासाठी दोन गावे दिली, आणि सर्व व्यवस्था रुद्रराशी नावाच्या पाशुपत आचार्यावर सोपविली. हे सांगणारी शिळा एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडिताच्या हाती लागली आणि समुद्रापार न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली.

हे सारे वाईट हेतूने झाले असे म्हणता येत नाही. उघड्यावर पडलेला लेख फुटून गेला असता. संग्रहालयात तो टिकला, वाचला गेला, छापला गेला. राणीच्या व्याख्यानशाळेची माहिती आज जगाला आहे ती हॉल आणि कीलहॉर्न यांच्यासारख्या पंडितांमुळेच. परंतु हा व्यवहार एका बाजूने लाभाचा असला तरी दुसऱ्या बाजूने तोट्याचा झाला. शिळा वाचता आली, पण ती कोणत्या भिंतीत होती, तिच्यासमोर कोणती बाग होती, नर्मदेचा आवाज तेथवर येत होता की नाही, हे शिळेबरोबर जाऊ शकले नाही. उलट भेडाघाटात नदी आहे, टेकडी आहे, देवळे आहेत, पण राणीचे शब्द नाहीत. गोलकी मठाच्या स्थानाचा वाद मिटत नाही त्याच्या मुळाशी हीच ताटातूट आहे. नाव आंध्रात, लेख नागपुरात आणि न्यू हेवनला, तोरण रीव्यात. आणि जागेवर उरली आहे ती फक्त जागा.

म्हणून जागेचे मोल जाणले पाहिजे. भेडाघाटाला नौकेतून संगमरवरी कडे पाहावयास येणारा प्रवासी आणि वर योगिनींच्या ओवरीत फिरणारा अभ्यासक हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. पहिल्याला मठाची माहिती नसते, दुसऱ्याला नदीकडे पाहण्यास सवड नसते. परंतु ज्यांनी ही टेकडी निवडली त्यांनी ती नदीसाठी निवडली होती, आणि ज्यांनी तिच्यावर दगड चढविले त्यांना खालच्या काळ्या जमिनीतल्या गव्हाने पोसले होते. कडे राखले आणि ओवरी ढासळू दिली, किंवा ओवरीभोवती कुंपण घातले आणि नदीकाठ बांधकामांनी भरून टाकला, तर दोन्ही वेळा अर्धाच वारसा हाती राहील. आयर्लंडमध्ये मठाच्या भिंती जपल्या गेल्या आणि भोवतीची दलदल जळत राहिली. त्या देशाला ही चूक उमगली तेव्हा थोडीशीच दलदल शिल्लक होती.

चंद्रेहे येथे मात्र ही ताटातूट झालेली नाही. मठ उभा आहे, लेख त्याच्याच भिंतीत आहे, शेजारचे मंदिर जागेवर आहे, आणि शोणेला घडियाल आहेत. प्रबोधशिवांनी जे लिहवून ठेवले ते ज्या ओसरीत लिहवून ठेवले तेथेच उभे राहून वाचता येते, आणि मान वळविली की ज्या रानातून त्यांनी वाट काढली ते रानही दिसते. महाराजपुराच्या सडकेवरून रोज शेकडो गाड्या उत्तरेकडे जातात. त्यांतील फारच थोड्या रीव्याच्या पुढे चंद्रेहेकडे वळतात. तिकडे जाणाऱ्याला गोलकी मठाचे स्थान सापडणार नाही. परंतु तो मठ कसा असेल, हे जाणण्यासाठी त्याला इतरत्र जावे लागणार नाही.